अंतःस्रावी ग्रंथी : दोष स्वभावाचा कीं शरीराचा?



खेड्यापाड्यांत तीन प्रकारचीं बोलणीं वरचेवर कानीं पडतात. "अमक्याची सून फार आळशी, दिवस कासराभर वर आला तरी तिच्यानें अंथरूण सोडवत नाहीं." "तमक्याचें पोर जन्माचेंच मंद. तीन वर्षांचें झालें तरी धड चालत नाहीं, बोलत नाहीं. त्याच्या नशिबींच तें होतें." "एवढा दहा वर्षांचा घोडा झाला आणि अंथरुणांत लघवी करतो. चार फटके दिल्यावांचून हा सुधारायचा नाहीं." या तिन्ही बोलण्यांत एक गोष्ट सारखी आहे. ती ही कीं, कारण न शोधतां आपण माणसाला स्वभावाचा दोष लावतों, किंवा नशीब अथवा बाहेरची बाधा असें म्हणून मोकळे होतों. त्या सुनेच्या, त्या पोराच्या व त्या मुलाच्या अंगांतील एखादी लहानशी ग्रंथि बिघडलेली असण्याचा संभव असतो, आणि ती बिघडली आहे कीं नाहीं हें थोड्याशा रक्ताच्या तपासणीवरून कळतें. म्हणून या ग्रंथींची ओळख प्रत्येक घरांत असली पाहिजे. ती करून देणें हा या पाठाचा हेतु आहे.

१. ग्रंथि म्हणजे काय?

आपल्या शरीरांत दोन जातींच्या ग्रंथी आहेत. पहिल्या जातीच्या ग्रंथींना नळी असते. तोंडांत लाळ येते व अंगाला घाम सुटतो तो यांच्यापासून. मोटेचें पाणी पाटानें जसें नेमक्या वाफ्यांत जातें, तसा यांचा रस नळीवाटे ठरल्या जागीं जाऊन पडतो. दुसऱ्या जातीच्या ग्रंथींना नळी नसते. त्या आपला रस सरळ रक्तांत सोडतात, म्हणून त्यांस अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात. त्यांच्या रसाला संप्रेरक किंवा हार्मोन असें नांव आहे. लंडन येथील बेलिस व स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनीं १९०२ सालीं आंतड्यांतून रक्तांत मिसळून स्वादुपिंडाला जागें करणारा असा एक रस शोधून काढिला, आणि १९०५ सालीं स्टार्लिंगनें 'हार्मोन' हा शब्द प्रचारांत आणिला. ज्या ग्रीक शब्दावरून तो घेतला त्याचा अर्थ 'चेतविणें' असा आहे.

हा रस सर्व रक्तांत मिसळतो, तर मग तो नेमक्या जागींच काम कसें करतो? याला दवंडीचा दाखला पुरे आहे. दवंडी सगळ्या गांवांतून फिरते व ती सर्वांना ऐकूं येते. परंतु शेतसारा थकलेल्यांनीं चावडीवर यावें असें पुकारलें, तर ज्याचा सारा थकला असेल तोच उठतो; बाकीचे आपापल्या कामांत राहतात. त्याप्रमाणें संप्रेरक सर्व अंगांतून फिरतें, पण ज्या अवयवाला त्याची हांक ओळखण्याची सोय आहे तोच अवयव हालचाल करतो. याला लागणारें रसाचें प्रमाण फारच थोडें असतें. ग्रॅमच्या एक लक्षांश किंवा त्याहूनही कमी रसानें मोठीं कामें घडतात, आणि म्हणूनच तो थोडा कमी किंवा थोडा अधिक झाला तरी सारें शरीर बिघडतें.

२. पीयूषिका ग्रंथि

मेंदूच्या खालच्या अंगास, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षां किंचित् मोठी अशी ही ग्रंथि आहे. इंग्रजी नांवावरून तिला पिट्युटरी म्हणतात. मेंदूचा एक भाग तिला हुकूम देतो व ती इतर ग्रंथींना देते. मुलाची उंची वाढणें, आईच्या स्तनांत दूध तयार होणें, बाळंतपणांत कळा येणें, हीं कामें तिच्या संप्रेरकांवर चालतात. हुकूम केव्हां थांबवावा हेंही तिला कळतें. शेतांत दारें धरणारा माणूस वाफा भरला म्हणजे मोटेवरच्या गड्याला हांक मारतो आणि मोट थांबते. तसें गळ्यांतील ग्रंथीचा रस रक्तांत पुरेसा झाला कीं पीयूषिका तिला हुकूम देणें कमी करते. कमी पडला तर हुकूम वाढविते. डॉक्टर रक्तांत पाहतात तो 'टी.एस.एच.' नांवाचा आंकडा म्हणजे हाच हुकूम होय.

तिचें आणखी एक काम आपल्या मुलखास चांगलें समजेल. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें, आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून सुमारें ५ लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास आली. त्या दिवसांत प्रत्येक घरानें भांडीं धुतलेलें पाणीसुद्धां राखून वापरलें. आपलें शरीर हेंच करीत असतें. उन्हांत काम करतांना पाणी कमी पडलें म्हणजे पीयूषिकेच्या मागच्या भागांतून एक संप्रेरक सुटतें व मूत्रपिंडांना पाणी राखण्यास सांगतें. म्हणून लघवी थोडी व गडद पिवळी होते. शरीराची काटकसर चालू आहे, पाणी प्या, अशी ती खूण आहे.

३. अवटु ग्रंथि

गळ्याच्या पुढील बाजूस, घांटीच्या खालीं, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी ही ग्रंथि असते. थायरॉईड हें तिचें नांव आतां खेड्यांतही पोंचलें आहे. चुलींत लांकूड किती जळावें हें ती ठरविते, असें म्हटलें तरी चालेल. कारण खाल्लेल्या अन्नापासून शरीरानें किती ऊब व किती जोर काढावयाचा हें तिच्या रसावर अवलंबून असतें.

रस कमी पडला म्हणजे चूल विझत येते. अंग जड होतें, थंडी सोसत नाहीं, केंस गळतात, कातडी कोरडी पडते, बद्धकोष्ठ होतो, आवाज घोगरा होतो, वजन वाढतें, स्त्रियांची पाळी बिघडते, आणि रात्रभर झोंपूनही थकवा जात नाहीं. आरंभीं सांगितलेली 'आळशी' सून आठवा! हा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो, आणि बाळंतपणानंतरही तो कित्येकींस जडतो. रोज सकाळीं उपाशीं पोटीं घ्यावयाच्या एका लहान गोळीनें ती स्त्री पूर्वीसारखी कामाला लागूं शकते. उलट रस जास्त झाला तर चूल भडकते. भूक असूनही वजन घटतें, छाती धडधडते, हात कांपतात, घाम सुटतो व माणूस क्षणांत चिडतो. त्यालाही उपाय आहे; परंतु त्या माणसाला तापट म्हणून वाळीत टाकणें हा उपाय नव्हे.

सर्वांत मोठी हानि होते ती बाळाची. जन्मापासून ही ग्रंथि काम करीत नसेल तर मेंदूची वाढ खुंटते. असें बाळ जन्मतः चांगलें दिसतें. पुढें तें फार झोंपतें, दूध ओढीत नाहीं, रडणें घोगरें असतें, जीभ मोठी दिसते, बेंबी वर येते, कावीळ लवकर ओसरत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, "बाळ मोठें शांत आहे." तें शांत नसून आजारी असतें. जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालें तर असें मूल बहुधा इतर मुलांसारखेंच शहाणें निघतें. उशीर झाला तर मेंदूचें जें गेलें तें परत येत नाहीं. म्हणून बाळंतपण दवाखान्यांत झालें असतां बाळाच्या टांचेंतील रक्ताची ही तपासणी होईल काय, असें आपण होऊन विचारावें.

ही ग्रंथि आपला रस आयोडीन नांवाच्या द्रव्यापासून तयार करते. मोठ्या माणसास दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा सुमारें सहा हजार सहाशेवा भाग, इतकें तें लागतें; गरोदर स्त्रीस २५० मायक्रोग्रॅम लागतें. सबंध आयुष्यांत चहाच्या चमच्याहून कमी, पण तेंही न मिळालें तर ग्रंथि फुगते व गळ्यास गलगंड होतो. जमिनींतील आयोडीन पाऊस व पूर यांनीं धुऊन जातें. मग त्या जमिनीच्या धान्यांतही तें राहत नाहीं. हिमाचलांतील कांगडा खोऱ्यांत १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लोकांस आयोडीन मिसळलेलें मीठ देऊन पाहिलें, आणि तेथील गलगंडाचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. त्यावरून १९६२ सालीं सबंध देशासाठीं गलगंड नियंत्रणाचें काम सुरू झालें. हा रोग डोंगराळ मुलखापुरताच आहे असें कोणी समजूं नये. सपाट प्रदेशांतही तो आढळला आहे.

म्हणून मिठाच्या बाबतींत चार गोष्टी पाळाव्या. गुरांसाठीं आणलेलें खडेमीठ माणसांच्या भाजींत घालूं नये. पुडीवर आयोडीनयुक्त असें लिहिलेलें पाहून घ्यावें. मीठ झांकणाच्या बरणींत, ओल व ऊन यांपासून दूर ठेवावें. आणि भाजी होत आल्यावर मीठ घालावें. मात्र आयोडीन मिळावें म्हणून अधिक मीठ खाणें चूक आहे; त्यानें रक्तदाब वाढतो.

४. परावटु ग्रंथी

अवटु ग्रंथीच्या पाठीस तांदळाच्या दाण्यांसारख्या बहुधा चार लहान ग्रंथी चिकटलेल्या असतात. रक्तांतील चुन्याचें, म्हणजे कॅल्शियमचें, प्रमाण त्या राखतात. रक्तांत चुना कमी झाला कीं त्या तो हाडांतून काढवितात. हाडें ही जणूं पेंव, आणि या ग्रंथी पेंवाच्या कारभारी! पेंवांत भर पडावी म्हणून दूध, दहीं, नाचणी, तीळ व हिरवी भाजी खावी, आणि अंगाला सूर्यप्रकाश लागूं द्यावा.

५. अधिवृक्क ग्रंथी

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथि असते. तिच्या आंतल्या गाभ्यांतून ॲड्रिनलिन नांवाचें संप्रेरक निघतें. तें संकटाचें संप्रेरक होय.

सन १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील वडील माणसें विसरलेलीं नाहींत. गणपतिविसर्जनाची रात्र उलटून लोक गाढ झोंपले असतां, ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या मुलखांत धरणीकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व धाब्याचीं छपरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं, आणि हजारों माणसें गेलीं. जे वांचले त्यांनीं अंधारांत हातांनीं दगड उपसले. अशा वेळीं एरव्हीं न हालणारा दगड माणूस कसा हालवितो? भीति मेंदूला कळतांच अधिवृक्क ग्रंथी रक्तांत ॲड्रिनलिन ओततात. हृदय जोरानें चालतें, श्वास वाढतो, यकृतांतील साठविलेली साखर रक्तांत येते, आणि सारें रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धांवतें. जखम झालेली त्या क्षणीं कळतही नाहीं.

हें संकट टळल्यावर शांत होण्यासाठीं आहे. परंतु दुष्काळ, कर्ज व आजारपण यांची काळजी वर्षानुवर्षें राहिली, तर याच ग्रंथीच्या बाहेरच्या भागांतील कॉर्टिसोल नांवाचें संप्रेरक वाढलेलें राहूं शकतें, आणि झोंप, रक्तदाब व रक्तांतील साखर बिघडण्यास तें हातभार लावतें. म्हणून काळजीनें पोखरलेल्या शेजाऱ्याजवळ बसून त्याचें ऐकून घेणें हें नुसतें सौजन्य नसून औषधाच्या बरोबरीचें काम आहे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. कॉर्टिसोलसारखींच औषधें कारखान्यांत तयार होतात. त्यांस स्टिरॉईड म्हणतात. जाणत्या डॉक्टरच्या हातीं तीं जीव वांचवितात. परंतु गुडघेदुखी, दमा किंवा अंगावरील खाज यांवर कोणी नांव न सांगतां पांढऱ्या गोळ्यांची पुडी देतो, दोन दिवसांत चमत्कारासारखें बरें वाटतें, आणि लोक महिनोन्महिने तीच पुडी घेत राहतात. मग चेहरा चंद्रासारखा गोल सुजतो, साखर वाढते, हाडें ठिसूळ होतात, आणि बाहेरून फुकट रस मिळत असल्यामुळें अधिवृक्क ग्रंथी काम सोडून निजतात. अशा स्थितींत पुडी एकाएकीं बंद केली तर प्राणावर बेततें. तेव्हां औषधाचें नांव विचारल्यावांचून तें घेऊं नये. आणि पुष्कळ दिवस घेतलें असेल तर स्वतःच्या मतानें थांबवूं नये, सरकारी दवाखान्यांत दाखवून हळूहळू कमी करावें.

६. स्वादुपिंड

पोटांत जठराच्या मागें हें पिंड आडवें असतें. तें अन्न पचविणारा रस नळीनें आंतड्यांत सोडतें, आणि इन्सुलिन हें संप्रेरक रक्तांत सोडतें. साखर पेशींच्या आंत जावयास दार उघडावें लागतें. त्या दाराची किल्ली म्हणजे इन्सुलिन. किल्ली नसली तर साखर रक्तांत तुंबते, लघवीवाटे वाहूं लागते, आणि दाराशीं धान्याची रास असून घर उपाशीं राहतें. हाच मधुमेह. लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपले जुने वैद्यही जाणत होते.

आतां त्या दहा वर्षांच्या मुलाकडे वळूं. पूर्वीं कोरडें राहणारें मूल पुन्हां अंथरूण भिजवूं लागलें, रात्रीं उठून घटाघटा पाणी पिऊं लागलें व खात असूनही वाळूं लागलें, तर त्याला मारूं नका. त्याच दिवशीं साखर तपासा. पुढें ओकारी, पोटदुखी व खोल जोराचा श्वास सुरू झाला तर तासांचा प्रश्न उरतो. १९२१ पूर्वीं अशीं मुलें उपाशीं ठेवून कांहीं महिने जगवीत, एवढाच उपाय होता. त्या वर्षीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन वेगळें काढिलें, आणि १९२२ च्या जानेवारींत चौदा वर्षांच्या लेनर्ड टॉम्पसन या मरणोन्मुख मुलाला तें प्रथम टोंचलें. तो मुलगा पुढें आणखी तेरा वर्षें जगला. आज अशीं मुलें शिकतात, लग्नें करतात, म्हातारीं होतात. अट एकच, इन्सुलिन बंद पडतां कामा नये. अंगारा लावून किंवा झाडपाला देऊन इन्सुलिन थांबविणें म्हणजे त्या मुलाचा जीव घेणें होय. घरीं बर्फाचें कपाट नसेल तर कुपी कोरड्या पिशवींत गुंडाळून मातीच्या मडक्यांत ठेवावी, आणि तें मडकें ओल्या वाळूच्या दुसऱ्या मडक्यांत ठेवावें. उन्हाळ्यांतही ती गार राहते.

मोठ्या वयाचा मधुमेह वेगळा. त्यांत किल्ली असते, पण कुलूप गंजलेलें असतें. हा श्रीमंतांचा व लठ्ठांचा रोग आहे ही समजूत महाराष्ट्रांतच खोटी ठरली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळें वजनानें सुमारें २.७ किलो, म्हणजे इंग्लंडांतील बाळांपेक्षां पुष्कळ हलकीं. तरी त्यांच्या अंगांत स्नायूंच्या मानानें चरबी अधिक आढळली. अशी बाळें दिसावयास बारीक असलीं तरी पुढें त्यांना मधुमेहाचा धोका अधिक असतो. याचा अर्थ असा कीं, गरोदर सुनेच्या ताटांत वाढलेली डाळ, दूध व भाजी ही नातवाच्या साठाव्या वर्षाची तजवीज आहे.

७. स्त्रीपुरुषांच्या ग्रंथी

स्त्रीच्या ओटीपोटांतील दोन बीजकोश व पुरुषाचे दोन वृषण हींही अंतःस्रावी ग्रंथींतच मोडतात. वयांत येणें, दाढीमिशा, पाळी व संतति यांचा कारभार त्यांजकडे आहे. मूल होत नाहीं म्हणून सुनेलाच बोल लावणें हा मोठा अन्याय आहे. कारण पुष्कळदां उणीव पुरुषांत असते, आणि त्याची तपासणी अधिक सोपी असते. तपासणी दोघांचीही व्हावी.

बीजकोशांचें काम संततीपुरतें नाहीं. त्यांचा रस हाडें मजबूत ठेवतो व झोंप आणि मन यांनाही आधार देतो. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीनें ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली. त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली, आणि त्यांत कित्येकी तरुण होत्या. पाळीमुळें मजुरी बुडते, पांढरें जातें, पुढें कर्करोग होईल, अशा भीतीनें पिशवी काढून घेतली जाते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तीस वर्षांच्या बाईला एका दिवसांत म्हातारपण येतें. अंगाची आग, निद्रानाश, सांधेदुखी व ठिसूळ हाडें हीं तिच्या वांट्यास येतात. नुसती पिशवी काढली तरी बीजकोश लवकर थकण्याचा संभव असतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरचें मत घेतल्यावांचून, आणि औषधानें भागेल काय हें विचारल्यावांचून, या शस्त्रक्रियेस संमति देऊं नये.

८. आपण काय करावें?

तीस वर्षांवरील प्रत्येकानें प्राथमिक आरोग्य केंद्रांत साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. वर सांगितलेलीं लक्षणें दिसल्यास आशाताईंस सांगावें. पुढील उपचारास नांदेड येथें डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें व लातूर येथें विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचें रुग्णालय आहे. आणि ज्यांच्या शब्दाला गांवांत मान आहे त्यांनीं एक नेम करावा : एखाद्यास आळशी, मंद, तापट किंवा वांझ म्हणण्यापूर्वीं, "याची तपासणी झाली आहे काय?" हा प्रश्न विचारावा. कित्येकांचें आयुष्य या एका प्रश्नानें वांचेल.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. नळी असलेल्या व नसलेल्या ग्रंथींत भेद कोणता?
२. बाळ 'फार शांत' असलें तर कोणकोणत्या खुणा पाहाव्या? उपचारास किती दिवसांची मुदत आहे?
३. तुमच्या घरांतील मीठ आयोडीनयुक्त आहे काय? तें कसें ठेवतां?
४. पुष्कळ दिवस घेतलेलें स्टिरॉईड एकाएकीं कां थांबवूं नये?
५. तुमच्या गांवांत स्वभावाचा दोष म्हणून सोडून दिलेला, पण तपासणीस नेण्याजोगा असा कोणी आहे काय? (याचें उत्तर वहींत लिहूं नये, त्याच्या घरीं जावें.)